वामनचा चष्मा

नागपूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

वामन अजून आला नाही. सकाळच्या गाडीनं खाप्याला गेला, कन्हान नदीच्या डोहात बुडी मारायला. का, तर त्याच्या कादंबरीचा नायक तिथूनच जलपिशाच्चांच्या राज्यात उतरतो! जाताना चष्मा माझ्या टेबलावर ठेवला.

"काहून गा, चष्मा नाही नेत?"

"भाऊ, भुतायले जवळूनच पाहीन ना!"

मीही हसलो. हा नेहमीचाच. स्मशानात रात्र काढली, मग स्मशानाचं प्रकरण लिहिलं. भुयारात शिरून आला, मग भुयाराचं. आधी करतो, मग लिहितो.

संध्याकाळी माझ्या प्रेसमध्ये त्याच्या शेवटच्या प्रकरणाचं प्रूफ घेतलं. नथ्थू कंपोझिटर मोठ्यानं वाचत होता, मी मूळ कागदाशी ताडत होतो. छपाईचे खिळे जुळवत मोठा झालो, त्यामुळे चूक मला कानानंच कळते. नायक डोहात उतरला आणि नथ्थू थांबला.

"भाऊ, हा तं वर येतच नाही!"

ताडून पाहिलं. चूक नव्हती. पण तेव्हाच लक्षात आलं. हे एकच प्रकरण वामननं आधी लिहिलंय.

त्या पानांचा जुळवलेला फर्मा छपाईच्या मशीनवर चढवू दिला नाही. नथ्थूनं कारण विचारलं, मी त्याला घरी पाठवलं.

शेवटची गाडीही येऊन गेली. चष्मा टेबलावर तसाच. त्याच्याशिवाय वामनला हातभरावरचं दिसत नाही. पाण्यातून काठ तरी दिसेल का?

पहाटे मीच निघतो. चष्मा खिशात टाकलाय. शेवट बदल म्हणणार, नाही ऐकलं तर भांडणार. भांडायला समोर असला म्हणजे झालं.