भावसिंगभाऊंच्या दगडाचा सुरमा

तांडा, फुलसावंगी
मंगळवार, १९६३

श्रीमान साळेसाहेब भावसिंगभाऊ यांसी हरिसिंगचा राम राम. इकडं आम्ही जिवंत हावो, तुमच्या तब्येतीचं कळवा. तुमची बहीन मोतीबाई तुमच्यावर नाही, माह्यावर रुसली हाय, म्हनून तुम्ही खुशाल असा.

कारन तुमचा दगड. दिवाळीत तुम्ही ममईच्या प्रयोगशाळेतून आनला, एक टोक कंदिलाजवळ न् दुसरं ओल्या फडक्यात धरून वीज काढून दाखवली, यंत्राचा काटा हालला, तांडा खूश झाला. मंग एक तुकडा डबीतच इसरून गेले. (शिकलेला मानूस सामान इसरते न् अडानी मानूस ते वापरते.) काळसर, चमकदार, फोडला तर चौकोनी कपचे, हुबेहूब बाजारातला सुरम्याचा दगड. आमच्या लेकीची, जमनीची, पोरगी दोन महिन्यांची झाली, न् पयला सुरमा आजीच्या बोटानं लागते ही तुमच्याच घरची रीत. मोती म्हने, भावानं भाचीच्या लेकरासाठीच ठेवला. तीन दिवस खलात कोरडा घोटला म्या. एक दुपार तिनं घोटला.

चौथ्या दिवशी माह्या तोंडाले लसनाचा वास. डॉक्टरनं मले मटन बंद केलं हाय, हे तुम्हाले ठावं. मोती म्हने, कुठं खाल्लं? राखेनं दात घासले, लिंबाची काडी चावली, वास जागचा हालत नाही. जिभेवरही लोखंड चाटल्यासारखी चव. शंका आली म्हनून डबीतला इंग्रजी कागद नागोराव गुरुजीकडं नेला. त्यायनं वाचलं, हे शिसं न् टेल्युरियम मिळून झालेलं हाय, उष्नतेतून वीज काढते. पूड नाकातोंडात, डोळ्यात जाऊ देऊ नये, शिसं अंगात भिनते. न् टेल्युरियम अंगात गेलं का श्वासाले कितीक आठवडे लसनाचा वास येते.

म्या धोतर सावरून पळालो. घरात मोती लेकरू मांडीवर घेऊन, बोट डबीत बुडवून बसलेली. म्हटलं थांब, जहर हाय. तर म्हन्ते, मटन कुठं खाल्लं ते आधी सांगा, माह्या भावाच्या दगडावर आळ घेऊ नका. बोट लेकराच्या डोळ्यापाशी. हात हिसकला तर बोट डोळ्यातच जाईन. म्हटलं, बाई, तुहा तं आज उपास, लसनाले तू शिवली नाही, तळहातावर हा करून पाह्य. तिनं हा केलं, हुंगलं, न् बोट लुगड्याले पुसत बसली. म्या पोरगी उचलून घेतली.

तुमचा,
हरिसिंग

ता. क. : प्रयोगशाळेच्या शिक्क्याच्या कागदावर बहिनीले लिहा का घोटनाऱ्याच्या तोंडाले वास दीड महिना राह्यते. (शनिवारी उमरखेडले मटन खाल्लं होतं. हे तिले वाचून दाखवू नका.)

ता. क. २ : वरचं राहू द्या. मोतीनं आत्ता कबूल केलं, म्या पोचायच्या आधीच उजव्या डोळ्यात बोट फिरलं होतं. डोळा पान्यानं धुतला, आता उमरखेडची एसटी धरतो, कागद संगं हाय. डॉक्टरले काय सांगायचं ते दवाखान्याच्या पत्त्यावर तार करा. पोरीचा डावा डोळा झाकून मोती पुढं पितळी वाटी हालवून राह्यली. पोरगी वाटीकडं पाह्यते. मोती म्हन्ते, पुन्हा पाहू.