तीन महिन्यांची साखर

अप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज तुमचं रक्त मी फेकून दिलं.

चौथीत तुम्हीच माझे मास्तर होतात. शेजारणीच्या पाटीत डोकावले म्हणून माझ्या गळ्यात 'चोर' लिहिलेली पाटी अडकवलीत आणि सगळ्या वर्गांतून फिरवलंत. घरी मायने ताट वाढलं तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे उपाशी, तिले समजू दे." मला समजलं. फार चांगलं समजलं.

पुढे त्याच शाळेच्या ओट्यावर आमच्या संशोधन पथकाचं शिबिर लागलं, रक्त घ्यायला मी होते. मधुमेहाने कोणाचे डोळे जाणार हे आधीच सांगणारी खूण रक्तात सापडते का, हे आम्ही शोधत होतो. आधी रक्त घ्यायचं, मग बाहेरच्या गाडीत डोळ्याच्या पडद्याचा फोटो. गावाची तयारी परीक्षेसारखीच. तळोद्याहून तपासणीवाले येणार म्हटलं की घरोघरी भात बंद, चहा बिनसाखरेचा. पास व्हायचं असतं ना सगळ्यांना. तुम्हीही चार दिवस मायला गूळ लपवायला लावला होता. त्या सकाळची साखर छान आली. "दखा, मन्ही साखर कशी शे," आपली साखर बघा म्हणून तुम्ही रांगेला ऐकवत होतात. पण आमच्या छोट्या मशीनवर मागच्या तीन महिन्यांची साखरही कळते, तिथे चार दिवसांची सोंगं चालत नाहीत. वाढलेला आकडा मी तुमच्या कानात सांगू शकले असते. मी उभी राहिले आणि परीक्षेत कॉपी पकडावी तशी मोठ्याने म्हणाले, "अप्पा, कापी धराई गई तुमनी." रांगेत तुमचे जुने विद्यार्थी होते, पोट धरून हसले. तुम्ही चपला घातल्यात आणि गाडीकडे न वळता घरी गेलात.

गाडी अजून दोन दिवस गावात होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वडिलांना घेऊन या. घर चार पावलांवर. मी आले नाही. तुम्ही विचाराल, मग नेईन, असं ठरवलं होतं, आणि तुम्ही विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. दीड वर्षात ताटात भाजी कुठे आहे ते तुम्ही मायला विचारायला लागलात. मी भेटायला आले की आवाजाकडे तोंड करून म्हणायचात, "कोन शे?"

रक्ताच्या नळ्या आम्ही गोठवून ठेवल्या होत्या. आता त्यांची तपासणी सुरू झाली आहे, पण डोळ्याचा फोटोच नसेल तर ते रक्त ताडून कशाशी बघणार? तुमची नळी बाद झाली. ती पिशवीत टाकली आणि पुढची नळी उचलली.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, म्हणून लिहिते. डोळे वाचले असते की नाही, माहीत नाही. पण रांग हसली तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि आठवलं की अजूनही वाटतं.