रसिकाचे हृदय उजवीकडेच असल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
शालेय आरोग्य कक्ष,
सिल्वासा.

दिनांक: १२ जुलै १९९३

विषय: कु. रसिका हिचा एक्स-रे उलट बाजूने वाचला गेल्याबाबत व तिला वर्गात बसू देण्याबाबत.
संदर्भ: आपला शेरा, "अहवाल दुसऱ्याच मुलीचा दिसतो."

महोदय,

१. अर्जदार सौ. सुनीता चांदवडकर यांनी आपल्या कक्षाचे उंबरे इतके झिजवले आहेत की शिपाई आता त्यांना नावही विचारत नाही. त्यांची मुलगी रसिका तिसरीत आहे आणि तिला जन्मापासून खोकला आहे. शाळेने तो क्षय ठरवून, आपले प्रमाणपत्र येईपर्यंत, तिला एकटीला व्हरांड्यात बसवले आहे.

२. मुंबईच्या डॉक्टरांनी खरे कारण शोधले. पेशीला आतून आधार देणारे प्रथिनांचे तंतू असतात. श्वासनलिकेतल्या पेशींवरच्या सूक्ष्म केसांतही ते असतात. ते एकमेकांवर सरकले की केस हलतात आणि कफ वर ढकलला जातो. रसिकाच्या तंतूंना सरकवणारे बारीक हातच नाहीत. तिचे हृदय उजवीकडे आहे, तेही डॉक्टरांच्या मते यामुळेच. हा आजार कोणालाही लागत नाही.

३. आपल्या कक्षात काढलेल्या एक्स-रेतही हृदय उजवीकडेच होते. आपले तंत्रज्ञ श्री. नथू यांना ते पाहवले नाही. त्यांनी फिल्म पालटली, त्यामुळे उलटे झालेले, बाजू दाखवणारे अक्षर चिठ्ठीने झाकले आणि म्हणाले, "बेन, फोटो उलटा व्हता, मी सरळ करून लावला." वर शिक्का बसला. आता शिक्क्याची बाजू तीच पुढची, म्हणून हृदय डावीकडे, म्हणून मुंबईचा अहवाल रसिकाचा नव्हे! अर्जदाराने फिल्म खिडकीशी धरून पालटून दाखवली, तर शासकीय वस्तू हाताळल्याची ताकीद मिळाली. दुसरा एक्स-रे मागितला, तर पहिला असताना दुसरा काढता येत नाही, असे कळले.

४. अर्जदाराचा जीव थाऱ्यावर नाही. हल्ली रसिका डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला दाबून धरते. मी खोकले नाही तर वर्गात घेतील, असे तिला वाटते. कफ बाहेर काढायला तिच्यापाशी खोकल्याखेरीज काहीही नाही. हे लिहिताना अर्जदारास राग येतो आहे, तो आपण पोटात घालावा किंवा घालू नये.

५. सबब विनंती, की फिल्म बाजूला ठेवून मुलीलाच तपासावे.

उत्तर मिळेपर्यंत न हलणारी,
सौ. सुनीता उदय चांदवडकर

सोबत:
१) मुंबईचा अहवाल.
२) कु. रसिका. बाहेर बाकावर बसली आहे. आत बोलावल्यावर तिला आधी मनसोक्त खोकू द्यावे.