निरोगी घराची पाटी

प्रिय बालारी,

तुझी योजना जिल्हाभर सुरू होतेय, त्या उद्घाटनाचं तुझं निमंत्रण पोचलं. जाड, गुळगुळीत कागद, वर पहाडांचं चित्र, खाली प्रमुख वक्ता म्हणून माझं नाव. कोपऱ्यात तू पेनाने लिहिलं आहेस, 'मामा, माइक ठेवतेय, पण तुम्हाला लागणार नाही.' वाचून हसलो, आणि मग ते पालथं घालून ठेवलं. मी येणार नाही. फोनवर तू कारण विचारलंस तेव्हा मी गुडघ्याचं नाव पुढे केलं. गुडघा उत्तम आहे. कारण तुझ्या आईचं तोंड आहे. तिची दाढ दुखते असं तुला सांगितलं गेलं. दाढ नाही, बाळा, जीभ आहे, आणि जे आहे ते वाईट आहे. आता लगेच फोन उचलू नकोस. घरचा फोन तिच्या उशाशी असतो, आणि मी हे लिहितोय ते तिला माहीत नाही. आधी सगळं वाच.

पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ सांगतो, म्हणजे म्हातारा पलटला असं तुला वाटायला नको. क्वाई माणसं मारते. सुपारी, पान, चुना, तिन्ही मिळून गालाला भोक पाडतात, जबडा गंज लागलेल्या बिजागरीसारखा बंद करतात. हे मी दरबारात, गावच्या पंचायतीत, सगळ्यांपुढे उभं राहून बोललो, आणि उद्याही बोलेन. माणूस मेला की तो देवाच्या घरी क्वाई खायला गेला असं आपण म्हणतो ना? मी विचारलं होतं, "देवाच्या घरची क्वाई कुठे पळून चालली आहे का? मग एवढी घाई कशाला?" गाव खो खो हसलं होतं. ज्यांच्या सुपारीच्या बागा आहेत तेही हसले होते. त्या शब्दांतला एकही मी मागे घेत नाही.

आरोग्य अधिकारी होऊन तू क्वाई सोडवायची ही योजना आखायला घरी आलीस ते दिवस मला आवडले होते. तुझ्या आईच्या स्वयंपाकघराची भिंत तू कागदांनी भरून टाकलीस. आधी दुखणं काय ते ठरवायचं, मग सवयीचं मूळ शोधायचं, मग कोणाशी काय बोलायचं, ते बोलणं आधी थोड्यांवर पारखून पाहायचं, मग गावभर न्यायचं, मग मोजायचं, चुकलं तर परत फिरायचं. एका कागदाकडून दुसऱ्याकडे लाल बाण. मी आयुष्यभर वर्गात आणि सभांत ओरडत आलो, पण ओरडण्याच्या आधी इतका विचार करता येतो हे मला त्या भिंतीने शिकवलं. तुझी आई मात्र चुलीपाशी बसून म्हणाली होती, "बाणच बाण. आमच्या गावाची शिकार करायची आहे का गं?" तू चिडली होतीस. ती आणखी हसली होती, आणि तुझ्या पुढ्यात भाताचं ताट सरकवून म्हणाली होती, "खा. शिकाऱ्याच्या पोटात काहीतरी हवं."

तू दारोदार हिंडून विचारलंस. दिवसाला किती खाता, केव्हापासून, कोण देतं, सोडून पाहिली का. लोकांनी खरी उत्तरं दिली, कारण तू त्यांच्यातली. आणि त्या उत्तरांतून तुला जे सापडलं ते शंभर टक्के खरं होतं, की आपल्याकडे क्वाई हे व्यसन नंतर आणि आदरातिथ्य आधी. कोणी उंबऱ्यावर आला की चहाच्याही आधी क्वाई. देणारी घरची बाई. तेव्हा ती देणंच थांबवायचं, म्हणजे खाणं आपोआप थांबेल. म्हणून पाटी. हिरवी, पांढऱ्या अक्षरांची, 'निरोगी घर : येथे क्वाई दिली जात नाही.' जे घर सोडेल त्या घराला दरबाराकडून मानाने पाटी.

पहिली पाटी तुझ्या आईच्या दारावर लागली. लागणारच. गावप्रमुखाने स्वतः खिळे ठोकले, मी भाषण केलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळे गेल्यावर ती दारात उभी राहून पाटीकडे बघत म्हणाली, "बाह, अरे दादा, आता पाहुण्याला काय देऊ? ही पाटी चघळायला देऊ?" पण तिने सोडली. हे तू नीट लक्षात ठेव. परसात जाऊन नाही, बागेत लपून नाही, खरोखर सोडली. वयात आल्यापासून जिच्या कमरेला क्वाईचा बटवा होता, तिने तो बटवा धुतला आणि त्यात सुयादोरे भरले. पहिले काही दिवस तिचा हात सारखा कमरेकडे जायचा. मला म्हणाली, "लेक अधिकारी झाली, तिच्या आईने तरी तिचं ऐकायला नको?"

पाट्या वाढल्या. तुझ्या वरिष्ठांनी फोटो काढून नेले. मग दरबाराने आपल्या डोक्याने एक नियम जोडला, की पाटीच्या घरात कोणी क्वाई खाल्ली तर पाटी काढून घ्यायची, आणि ती दरबारात सगळ्यांसमोर. गावाने स्वतःहून पुढाकार घेतला म्हणून तू खूश झालीस. तुझ्या अहवालात त्यावर एक अख्खं पान आहे, मी वाचलंय. आता त्या पानावर जे नाही ते ऐक.

बाह ड्रोलला तू ओळखतेस, ओढ्यापलीकडचा, मध काढणारा. त्यानेही सोडली होती आणि पाटी घेतली होती. पुढे त्याच्या गालात आतून जखम झाली. तो बिचारा सरळ माणूस, तुझ्याच तोंड तपासणीच्या शिबिरात गेला आणि तोंड उघडून दाखवलं. तिथल्या मुलीने त्याला गुवाहाटीला जायला सांगितलं. तो गावात पोचायच्या आत बातमी पोचली. जखम झाली म्हणजे हा चोरून खातो! दुसरा अर्थ कोणाला सुचलाच नाही, कारण तू गावभर लावलेल्या चित्रांत दोनच माणसं होती, खाणारा सडका आणि सोडणारा हसरा. सोडल्यावरही जुनं विष कधी कधी वर येतं, असं तिसरं चित्रच नव्हतं. दरबार भरला. ड्रोल बायबलवर हात ठेवून म्हणाला, "मी खाल्लेली नाही." मागून कोणीतरी ओरडलं, "मग काय गालाने चुना नुसता हुंगला?" हशा पिकला. मी उभा राहिलो, बोललो, जीव तोडून बोललो. पण हसणाऱ्या गर्दीपुढे वक्ता म्हणजे पुरापुढे टोपली. त्याच्या दारावरून पाटी निघाली. गुवाहाटीला तो गेलाच नाही. "गेलो तर म्हणतील, कबूल केलं," असं बायकोला सांगत तो घरात पडून राहिला, आणि थंडीत गेला.

त्यानंतर शिबिरात कोणी आलं नाही, बालारी. तुझ्या हाताखालच्या मुली खुर्च्या मांडून, दिवे लावून दिवसभर बसायच्या आणि परत जायच्या. आणि त्या रिकाम्या खुर्च्यांचं तुम्ही काय केलंत? तुम्ही त्यांचा आलेख काढलात! तोंडाच्या जखमा घेऊन येणारे घटले, म्हणजे योजना यशस्वी. तो आलेख निमंत्रणाच्या मागच्या बाजूला छापलाय. मी ते पालथं घातलं तेव्हा तोच वर आला. अगं, जिथे जिथे रोगाला लाज चिकटली तिथे तिथे रोग लपला. महारोग लपला, क्षय लपला, बाळंतिणींची दुखणी लपली. हे तुला पुस्तकांतून शिकवलं गेलं असेलच. तरी भिंतीवरच्या इतक्या प्रश्नांत एक प्रश्न नव्हता. तुझ्या तोंडात उद्या काही निघालं तर तू ते कोणाला दाखवशील? हा एक विचारला असतास तर लोकांनी तुला तुझी योजना कुठे बुडणार ते तिथल्या तिथे सांगितलं असतं.

आता तुझ्या आईचं. मला पहिला धक्का बाजारात बसला. काँग बिटिमोन, ती क्वाई आणि मध विकणारी बाई, तिचा क्वाईचा धंदा तुमच्यामुळे अर्धा झाला, तेव्हापासून मला बघितलं की तिची जीभ सुटते. त्या दिवशी मात्र तिने हळूच बाजूला घेतलं. "मामा, शिव्या नंतर देते. तुमची बहीण माझ्याकडून मध नेते. सारखा नेते. तिला तर गोड आवडत नाही ना?" मी म्हटलं, खोकला असेल. ती म्हणाली, "खोकल्याला बाई अशी तोंडावर पदर धरून मध मागत नाही. तुमच्या सभेत हजार माणसं दिसतात तुम्हाला, घरातलं एक दिसत नाही?"

रविवारी प्रार्थनेनंतर मी नेहमीसारखा तुझ्या आईकडे जेवायला गेलो. तिने माझ्यासाठी जादोह केला होता, डुकराच्या मांसातला भात, भरपूर आल्याचा, सुक्या माशाची चटणी वाटली होती. स्वतःच्या ताटात नुसती पातळ पेज. मी म्हटलं, उपास कधीपासून? म्हणाली, दाढ. जेवण झाल्यावर मी संत्रं सोललं आणि एक फोड तिच्या हातात दिली. तिने ती तोंडात टाकली नाही. आडवी धरून, बोटाने ढकलत ढकलत ओठांतून आत सारली, आणि तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. मी तिला खिडकीशी ओढलं, म्हटलं, तोंड उघड. "मी काय बाजारातला घोडा आहे, दात बघायला?" ती म्हणाली. अशा वेळीही थट्टा! पण ते 'घोडा' सुद्धा तिला नीट म्हणता आलं नाही. तोंड जेमतेम बोटभर उघडलं. जिभेच्या कडेला जे दिसलं त्याचं वर्णन मी तुला करणार नाही.

मी ओरडलो. का नाही सांगितलंस? इतके महिने! तेव्हा ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण हे पत्र खरं तर त्यासाठीच आहे असं मला आधी वाटलं होतं. ती म्हणाली, "बाह, मी खाल्ली नाही. पण कोण मानणार आहे? ड्रोलचं मानलं? म्हणतील, अधिकाऱ्याची आई चोर निघाली. पोरीने साऱ्या जिल्ह्याला तोंड दाखवायचं आहे. माझं तोंड तिच्या आड नको यायला." आणि मग बोट रोखून, "तिला सांगितलंस तर मी तुझी बहीण नाही."

मी तिला गुवाहाटीला नेऊन आलो. तुला सांगितलं की लग्नाला चाललोय. डॉक्टर भला माणूस आहे, त्याने आडपडदा ठेवला नाही. पावसाच्या आधी आणलं असतं तर थोडक्यात भागलं असतं, म्हणाला. पावसाच्या आधी! तेव्हा तुझी शिबिराची गाडी तिच्या दारासमोर उभी राहायची. तुझ्या मुलींना ती लाल चहा करून द्यायची आणि त्यांच्याशी तोंड मिटून हसायची.

योजना फाडून टाक असं मी म्हणत नाही. फाडलीस तर मीच तुझ्या दारात येऊन भांडेन, कारण क्वाई उद्याही मारणार आहे आणि तिच्याशी लढायला भिंतीवर कागद लावून विचार करणारी माणसंच हवीत. पण हीच योजना, याच पाट्यांसकट, साऱ्या जिल्ह्यात नेऊ नकोस. गावोगाव एकेक ड्रोल आहे आणि तुझ्या आईसारखी एकेक सिल्दामोन आहे. चुकलं तर परत फिरायचं, तो शेवटचा बाण तूच काढला होतास. वरिष्ठ रागावतील. रागावू देत. मंडप पडला तर परत उभा करता येतो. तुझ्या बाजूने बोलायला कोणी लागलं तर त्या सभेला मी गुडघ्यावर रांगत येईन.

हे सगळं तुला महिनाभराने, शांतपणे सांगता आलं असतं. सांगत नाही याचं कारण ऑपरेशनची तारीख. डॉक्टरने दोन दिवस सुचवले होते. तुझ्या आईने निमंत्रणावर बोट ठेवून त्यातला तुझ्या उद्घाटनाचा मंगळवार निवडला, म्हणजे तू मंडपात अडकशील, तुला काही कळणार नाही, आणि उठल्यावर सारं होऊन गेलेलं असेल. तिची जीभ जवळजवळ सगळी काढणार आहेत, बालारी. जगेल, अशी आशा त्यांनी दिली आहे. बोलेल, अशी दिलेली नाही. येत्या सोमवारी संध्याकाळी आम्ही इस्पितळात दाखल होतोय, तेव्हा त्याच्या आधी घरी ये. मी सांगितलं म्हणून ती माझ्यावर संतापेल, तू आलीस म्हणून तुझ्यावर संतापेल. शब्द अडखळतील, लाळ गळेल, पण ती तुला बोल बोल बोलेल, कामं सोडून आलीस म्हणून, केस नीट विंचरले नाहीस म्हणून, आईला रडवतेस म्हणून. मध्ये तोंड घालू नकोस. समजूत काढू नकोस. माफी मागायची ती मंगळवारनंतर माग, तेव्हा ती फक्त ऐकू शकेल. सोमवारपर्यंत तिला बोलू दे.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
जोर्सिंग मामा