घोड्यांचं पान, घोडी आणि माझा शांतपणा

कराकोल, फेब्रुवारी, अंगणात गुडघाभर बर्फ

सन्माननीय विहीणबाई कुलूइपा यांना बुर्माचा लवून सलाम.

गुरंढोरं खुशाल आहेत ना? माणसं खुशाल? व्याह्यांची कंबर, तुमचे गुडघे, धाकट्या सुनेचा खोकला, सगळं ठीक असू दे. तुमच्या नारिनची थंडी आमच्या थंडीपेक्षा दुष्ट असते, तेव्हा पायांत लोकरी मोजे घालत जा. मी बरी आहे. गाय दूध देते, चूल पेटते, वीज तिच्या मनाला येईल तेव्हा येते. तुमचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. (दुसऱ्यांदा वाचलं ते राग कुठून सुरू होतो ते शोधायला. तो पहिल्या ओळीपासूनच होता.)

तुम्ही लिहिता, की माझ्या एर्मेकने तुमची लेक सादात त्या रशियातल्या ओम्स्कला नेली, बटाटे काढले तेव्हापासून तिचं पत्र नाही, मार्चात नूरूझच्या सणाच्या सुमारास तिचे दिवस भरतील, आणि मी म्हणे खिडकीत बसून कागदाचे कपटे भिजवते; बाई आहे की दगड? खिडकीतलं तुम्हाला कुणी कळवलं ते मला ठाऊक आहे, तिला माझाही सलाम सांगा. पण विचारलंतच, तर मी शांत कशी ते सांगते. सावकाश सांगते. घाईत सांगितलेला शांतपणा कुणाला खरा वाटत नाही.

एर्मेकचे वडील गुरांना लशी टोचायचे हे तुम्हाला माहीत आहे. टपालाची तिकिटं जमवायचे हे लग्नाच्या बोलण्यात आम्ही काढलं नव्हतं. (दारू पीत नाहीत, एवढंच सांगितलं होतं.) ते गेले, चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि मी कपाट रिकामं करायला घेतलं. अल्बम निघाले, आणि खाली एक फुगलेली पिशवी: लिफाफ्यांवरून कापलेली तिकिटं, मागे कागद तसाच चिकटलेला. म्हणजे काम अर्धवट. माणूस गेला हे मला सोसावं लागलं, पण घरात अर्धवट काम मला सोसत नाही. बशीत कोमट पाणी घेतलं आणि बसले. त्यात युक्ती एकच आहे, विहीणबाई: ओढायचं नाही. तिकीट पाण्यात सोडायचं आणि हात आवरायचे. वेळ झाली की कागद आपणहून सुटतो. मी जन्मभर कणीक, लोकर आणि मुलगा, सगळं ओढूनच सरळ केलं. मला हात आवरायला शिकायला अख्खा हिवाळा लागला, आणि निम्मं बल्गेरिया फाटलं.

नंतर एर्मेकचं शाळेतलं नकाशांचं पुस्तक काढलं. तिकिटावरचं मग्यार म्हणजे हंगेरी हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मी शोधून काढलं, आणि त्या दिवशी गाईलासुद्धा सांगितलं. तिकीट धरायला सादात विसरून गेलेला भुवयांचा चिमटा वापरते. (तिला सांगू नका.) यांना कोरी तिकिटं आवडायची, स्वच्छ, शिक्का न बसलेली. मला शिक्का बसलेली आवडतात. लढाईच्या सालांतली आहेत त्यांत, काही तर अशा गावांची की नकाशात सापडत नाहीत. तेव्हाही कुणाची तरी आई खिडकीत बसली असेल आणि पत्र येत नसेल. पण आलं ना! आलं नसतं, तर हे तिकीट माझ्या बशीत कसं आलं असतं? एवढाच माझा शांतपणा आहे, विहीणबाई. बशीत मावतो.

आता दगडपणाचं. गेल्या आठवड्यात मी अल्बमात घोड्यांच्या तिकिटांचं पान लावत होते. मंगोलियाचे घोडे, पोलंडचे घोडे, सगळे एका पानावर. तेवढ्यात फाटकातून शेजारच्या बेइशेन आबांची आरोळी: "बुर्मा, सुयुन्चू! सुयुन्चू!" सुयुन्चूचा नियम तुम्हाला मी काय सांगणार, आनंदाची बातमी आणणाऱ्याला आधी बक्षीस कबूल करायचं, मग बातमी ऐकायची. मी पान हातात तसंच घेऊन बर्फात धावले, पायांत नुसते मोजे. "दिलं, आबा, दिलं! मागाल ते दिलं! बोला, मुलगा की मुलगी?"

"घोडी," आबा म्हणाले. "माझी पळालेली घोडी परत आली!"

मी म्हटलं, "मग आबा, ही बातमी तुमच्या बायकोला सांगायची, मला कशाला?"

"तिला सांगून तिच्याकडून काय मिळणार? शिव्या! तू मात्र मागाल ते म्हणालीस. हे घोडे दे."

शब्द दिला होता, दिले. त्यांनी ते पिठाच्या खळीने तबेल्याच्या दारावर आतून चिकटवले, म्हणजे आपण किती चांगल्या कुळातल्या आहोत हे घोडी रोज पाहील आणि पुन्हा पळणार नाही. घोडीने पाहिलं. मग खळीसाठी चाटलं. संध्याकाळपर्यंत पोलंड संपलं होतं आणि मंगोलियाचं एक शेपूट उरलं होतं. आबा म्हणतात, "खाल्ले म्हणजे तिला आवडले." मी रागावले नाही. पण माझे मोजे दोन दिवस चुलीवर वाळत होते, एवढं त्या खिडकीवाल्या बाईने तुम्हाला कळवलं का ते विचारा.

आणि मी नुसती बसलेली नाही. सादातला दर आठवड्याला पत्र टाकते. आमच्या टपालघरात तिकिटंच संपली आहेत. तिथली क्लावदिया म्हणाली, "बये, माझ्यापेक्षा तुझ्याकडे जास्त आहेत. आण घरची, मी शिक्का मारते." जुन्या सोव्हिएत राजवटीची तिकिटं, किंमत कवडीची, एका लिफाफ्याला ओंजळभर लागतात. म्हणून यांचा कोऱ्या तिकिटांचा अल्बम उघडला. पुढून चिकटवली, मागून चिकटवली, पत्त्याला जागाच उरली नाही. शेवटी क्लावदियाने एका अंतराळवीराच्या पोटावर 'ओम्स्क' लिहिलं. यांनी ज्या तिकिटांना कुणाला बोटही लावू दिलं नाही, ती सगळी आता सुनेकडे निघाली आहेत. अल्बम जवळजवळ रिकामा झाला. बरं दिसतं ते.

तेव्हा मला वाटतं ते असं: तिकडेही टपालाची हीच गत असणार. आजारी आहे ते टपाल. पोर धडधाकट आहे.

व्याह्यांना नमस्कार, लहानांना पापे, गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळा.

तुमची विहीण,
बुर्मा

ता. क. हा लिफाफा फाडू नका. त्यावर यांची शेवटची पक्ष्यांची मालिका आहे. कडेने वाफ देऊन उघडा. (हे लिफाफ्याच्या आत लिहून उपयोग नाही, हे आत्ता लक्षात आलं. फाडलाच असेल तर तुकडे ठेवा.)

पुन्हा ता. क. मी शांत आहे असं वर लिहिलं ते दुपारपर्यंत खरं असतं. दुपारी मी टपालघराकडे जाते. मी कोपऱ्यावर दिसले की क्लावदिया आतूनच ओरडते, "नाही गं, नाही!" मग घरी येते, आणि बशीतलं पाणी गार झालेलं असतं.

शेवटचं. मी पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. सादातची बातमी येईपर्यंत तुम्ही इकडे या. व्याह्यांना आणू नका, ते शिंकतात आणि माझी तिकिटं वाळत असतात. तुम्ही तुमचा राग घेऊन या, इथे एवढ्या मोठ्या घरात बोलणारं कुणी नाही. टपालघरात दोघी जाऊ. पत्र आलं की तुम्हीच उघडायचं आणि आधी तुम्हीच वाचायचं, पोर तुमची आहे. तिकीट तेवढं माझं.