दौंडला गेलेल्या शून्य फायली

चि. अक्षदा हिस मांडवगण फराट्याहून हौशीराममामाचा पोटभर आशीर्वाद. इकडं तुझी मामी ठणठणीत, मीही ठीक (गुडघा सोडून). हैदराबादेत तुझी तब्येत कशी हाय? जेवणाच्या वेळेला जेवतेस ना, का नुसता कॉम्प्युटर? तुझा निरोप वाचला: मामा, माझ्या बकेटीत तुम्ही हे काय भरून ठेवलंय, रविवारी सगळं बंद करते. पोरी, बंद करायच्या आधी एवढं वाच.

दौंडचे तुझे मोठे मामा भिमाजीदादा आन् मी चार वर्षं बोलत न्हाई, हे तुला ठाऊकच हाय. कारण तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं रोजचा पाऊस मोजून लिहिलेल्या अकरा वह्या. दादा म्हणे थोरला मी, वह्या माझ्या. मी म्हणे पर्जन्यमापक माझ्या अंगणात, वह्या माझ्या. तोडगा तू काढलास. पानापानाचा फोटो काढून मी तुझ्या क्लाउडवरच्या बकेटीत, म्हंजी फायली ठेवायच्या जागेत, टाकायचा. तिथनं तो दादाच्या कॉम्प्युटरवर उतरायचा. आन् तारखांच्या चुका दादानं उलट वाटेनं मला कळवायच्या. एक शब्द न बोलता काम फत्ते. डोकं आमच्या बहिणीचंच हाय तुला.

तू दिलेल्या माहितीत लिहिलं होतं, क्लायंट लायब्ररी बसवायला पाच मिनिटं लागतात. मला नऊ दिवस लागले. पण खोटं कशाला सांगू, कारखान्याच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं काढली, तिथं एवढी मजा कधी आली न्हाई. लायब्ररी म्हंजी दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण नुसतं नाव घेऊन काम सांगायचं, हे उमगलं तवा मी मामीला दोनदा समजावलं (तिनं एकदाच ऐकलं). आधी प्रोजेक्ट काढा, मग सेवा चालू करा, मग परवानगीची फाईल दाखवा. ती फाईल नसली तर मशीन ढिम्म हलत न्हाई. गेटपास नसला तर मीही उसाची ट्रॉली आत सोडत नसे, त्यामुळं मला त्याचा राग न्हाई आला, उलट गडी आवडला. मग त्यानं लोकेशन विचारलं. मी लिहिलं, मु. पो. मांडवगण फराटा, ता. शिरूर, जि. पुणे, पिन कोडसकट. नामंजूर! वेशीजवळ, पिठाच्या गिरणीमागं, असंही जोडून पाहिलं. तरी नामंजूर. तुला फोन केला तवा कळलं, त्याला माझं घर नको होतं, माल त्यांच्या कुठल्या डेपोत ठेवायचा ते हवं होतं. आता मला एकच प्रश्न छळतोय. पान इथनं निघालं आन् दौंडला अजून पोचलं न्हाई, त्या मधल्या तीन सेकंदांत ते असतं कुठं? भीमेच्या अलीकडं का पलीकडं? तुमच्यात कुणाला ठाऊक असेल तर विचारून लिही.

खरा घोटाळा पुढं झाला. अकराही वह्या पोचल्या, पण रोज सकाळी सहाला फायली आपोआप दौंडला धाडायचं तू लावलेलं वेळापत्रक चालूच राहिलं. स्क्रीनवर आलं: काम यशस्वी, फायली शून्य. मामीनं वाचलं आन् कपाळावर हात मारला. थोरल्या जावेच्या दारात रोज उठून रिकामा डबा पाठवताय व्हय, म्हणाली. आता आपल्यात शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा चिमूटभर साखर घालतात, तुला काय सांगायचं! म्हणून मी एक फाईल घातली: "पाऊस निरंक. वांगी बरी हायेत." (कुणाला उद्देशून न्हाई. अबोला म्हंजी अबोला.) दुसऱ्या दिवशी दौंडहून लिंबाच्या लोणच्याच्या बरणीचा फोटो. मग आमच्याकडनं शेवग्याचा. मग तिकडनं दौंड स्टेशनातल्या इंजिनाच्या भोंग्याचं रेकॉर्डिंग, चांगलं चार मिनिटांचं. आता माघार कोण घेणार? गेल्या महिन्यात फाईल आली: "मांडवगणच्या इसमानं गुडघ्याला तिळाचं तेल चोळावं." (गुडघ्याचं तिकडं कुणी सांगितलं, देव जाणे. माझा मामीवर संशय हाय.) मी कळवलं: "इसमानं चोळलं. दौंडच्या इसमानं बीपीची गोळी चुकवू नये." तर बकेट ही अशी भरत गेली.

बाकी सगळं क्षेम. उन्हातान्हाची हिंडू नकोस.

तुझा,
हौशीराममामा

ता. क. बंद करू नकोस गं. जागा पुरत नसेल तर तो भोंगा काढून टाक, बाकीचं राहू दे. तुला म्हणून सांगतो, सकाळी उठलो की चहाच्या आधी मी दौंडचं काय आलंय ते बघतो.

आणखी एक ता. क. पत्र लिहायला बसलो ते खरं यासाठी. परवापासनं दौंडहून काहीच आलं न्हाई. दोन सकाळी नुसतं शून्य. दादा असं करणाऱ्यातला न्हाई. तुला तिथनं दिसत असेल तर बघ, मशीन अडलंय का माणूस. मशीन असेल तर मामीला फोन करून सांग आन् सावकाश दुरुस्त कर. मी काही उत्तराची वाट बघत बसत न्हाई, आत्ताच्या एसटीनं दौंडला निघालोय. दादानं दार उघडलं तर तोंडानं पहिलं काय बोलायचं, तेवढं मात्र अजून सुचलं न्हाई.