बरेच दिवस न उघडलेली वही

गुरुजी,

माझ्या मोबाईलविरुद्ध तुमच्या दरबारी फिर्याद आहे. रोज सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच हा वीतभर यंत्रपुरुष बजावतो, जागा संपत आली, पसारा आवरा. एवढ्या अधिकारवाणीनं माझ्याशी दोनच माणसं बोलली. एक तुम्ही, दुसरी आत्ता स्वयंपाकघरात आहे. काल तर त्यानं यादीच पुढं केली: बरेच दिवस न उघडलेल्या फायली, पुसू का? सगळ्यात वर तुमची वही.

तीच, खाकी पुठ्ठ्याची, संस्कृत श्लोकांची. गावकुसाबाहेरचा पोरगा म्हणून एका शास्त्रीबुवांनी त्यांच्या वहीला तुम्हाला हात लावू दिला नव्हता. हे तुम्ही एकदाच सांगितलंत, पुन्हा विषय काढला नाहीत. मग बाहेर उभं राहून, ऐकून ऐकून तुम्ही स्वतःची वही केलीत, आणि ती मागेल त्याला दिलीत. अट एवढीच, की हातानं उतरवायची, मूळ परत करायची आणि आपली प्रत कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही. चूक सापडली तर खोडायची नाही. समासात दुरुस्ती लिहायची, खाली आपलं गाव. त्या समासात सोनपेठ आहे, पोखर्णी आहे, आणि एका कोपऱ्यात मीही आहे.

मी आधी परभणीहून झेरॉक्स काढून आणली होती. चुडाव्याच्या तुमच्या घरात तुम्ही लसूण सोलत बसलाय. हात पुसता, पानं उलटता आणि म्हणता, "लय साफ निघालंय. मशीनला पाठ झालं असंल. तुला झालं का?" माझी ती दिवाळीची सुट्टी उतरवण्यात गेली.

परवा हे आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना सांगितलं. त्या शाळेचे कॉम्प्युटर फुकटच्या, कुणीही उघडून दुरुस्त करावं अशा सॉफ्टवेअरवर चालवतात. हसायलाच लागल्या.

"सर, हे तर ओपन सोर्सच हाय की! माल सगळ्यांचा, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव बाजूला. तुमचे गुरुजी आमच्या लय आधीचे."

"त्यांच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, बाई."

"म्हणूनच चाललं असंल."

चाललं, गुरुजी, माझ्यापर्यंत. तुम्ही गेल्यावर मूळ वही माझ्याकडं आली. मी मोठ्या उत्साहानं तिचे फोटो काढून फाईल केली आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हात जोडले. लगेच खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. आता ती वही प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तेव्हापासून ती माझ्याकडं कुणी मागितलेली नाही. समासात नवं गाव नाही.

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात, तुम्ही मला शिकवलेला पहिलाच श्लोक घेतला. दोन चरण म्हटले आणि पुढं काही येईना. पोरं वाट बघायलीत. मी मोबाईल काढला, शोधलं, वाचून दाखवलं. कुणालाच वावगं वाटलं नाही. तेच मला जास्त लागलं.

फाईल पुसलेली नाही. उघडलीही नाही. हे पत्रही मोबाईलवरच लिहितोय, तिथंच राहील, त्याच्या पसाऱ्यात भर घालत. फिर्याद मागं घेतो. तो बिचारा खरं तेच सांगत होता. मला भीती तुमच्या त्या प्रश्नाची वाटते. आता पाठ नाही, गुरुजी. आणि वही मागायला कुणी आलंच, तर त्याला म्हणून दाखवायला माझ्याकडं काही उरलेलं नाही.